शाई, यादी आणि दोन रुपये

मतदान करून बाहेर आलेला माणूस डाव्या हाताची तर्जनी पुढे करून छायाचित्र काढून घेतो, हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. त्या काळपट रेघेमागे एक जुना आणि अजूनही न मिटलेला वाद आहे, हे मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. मतपेटीत खोटे मत पडू नये आणि खरा मतदार दारातून परत जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या, असा हा वाद आहे. दार अरुंद केले की तोतया अडतो. पण त्याच दारात निरक्षर म्हातारी, पोटासाठी गाव सोडलेला मजूर आणि घराचा पत्ताच नसलेला पदपथावरचा माणूस हेही अडतात. दार सताड उघडे ठेवले तर हे सारे आत येतात, आणि त्यांच्याबरोबर तोतयाही येतो.

स्वतंत्र भारताने या पेचावर गेल्या पाऊणशे वर्षांत बरेच उपाय योजून पाहिले. काही फसले, काही टिकले. त्यांच्याकडे पाहताना एक प्रश्न हाताशी ठेवला तर पुष्कळ उलगडा होतो: शंका आली असता सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला? मतदारावर, आक्षेप घेणाऱ्यावर, की शासनावर? या इतिहासातल्या बहुतेक बऱ्यावाईट गोष्टी या एका निवडीतून निघालेल्या दिसतात.

आरंभ मतदार यादीपासून करायला हवा. इंग्रजी अमलातील मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर आधारलेला होता. म्हणजे आपण पात्र आहोत हे दाखवणे मतदाराचे काम होते. प्रौढ मताधिकाराने ही मांडणी उलटी केली. आता प्रत्येक प्रौढ व्यक्ती पात्रच धरायची आणि तिला शोधून तिचे नाव लिहून घेणे हे शासनाचे काम ठरले. राज्यघटना तयार होण्याआधीच, १९४८ सालापासून, संविधान सभेच्या सचिवालयाच्या देखरेखीखाली या याद्यांची तयारी सुरू झाली होती. ओर्नित शनी या संशोधिकेने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा पत्रव्यवहार तपशीलवार उलगडून दाखवला आहे. सर्वांत अवघड प्रश्न फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचा होता. त्यांच्यापाशी ना वास्तव्याचा पुरावा होता, ना कोणी साक्षीदार. आपण ज्या गावी आहोत तेथे कायम राहण्याचा आपला मानस आहे, असे त्यांनी नुसते सांगितले तरी नाव नोंदवून घ्यावे, असा निर्णय सचिवालयाने दिला. ज्या काळात शासनाला संशय घ्यायला सर्वाधिक कारण होते, त्या काळात त्याने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विश्वासाची ही वृत्ती सर्वत्र होती असे मात्र नव्हे. जून १९४९ मध्ये निवडणूक आयोगाविषयीचे कलम मांडताना डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेला सांगितले, की काही प्रांतिक सरकारे वंश, भाषा किंवा संस्कृती यांनी वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवू पाहत आहेत. म्हणूनच निवडणुकांची सूत्रे प्रांतांच्या हाती न ठेवता एका स्वतंत्र केंद्रीय आयोगाकडे सोपवावीत, असा त्यांचा आग्रह होता. याचा अर्थ असा, की निवडणूक आयोगाच्या जन्माच्या वेळी पुढे असलेले एक मोठे भय 'यादीतून खऱ्या माणसांना वगळले जाईल' हे होते. आज आयोगाचे नाव निघाले की आपल्याला बोगस मतदान आठवते, वगळलेला मतदार आठवत नाही.

आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला आणि सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. सेन सनदी अधिकारी होते आणि शिक्षणाने गणिती. त्यांच्यापुढचे गणित असे होते: सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर, कारण १९५१च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के भरले होते, आणि प्रौढ मताधिकाराच्या निवडणुकीचा कोणालाच अनुभव नाही.

याद्या तपासताना सेन यांना एक विलक्षण अडचण आढळली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश अशा भागांतल्या लक्षावधी स्त्रियांनी नोंदणीसाठी आलेल्या कारकुनाला आपले नाव सांगितलेच नव्हते. यादीत 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदी होत्या. आपल्याकडे स्त्रिया नवऱ्याचे नाव घेत नसत आणि त्यासाठी उखाण्याची पळवाट काढलेली होती. तिकडे परक्या पुरुषाला स्वतःचेच नाव सांगणे रूढीला मान्य नव्हते. सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले. नावे दुरुस्त करून घेण्याचा प्रयत्न झाला, आणि तरीही ज्या उरल्या त्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढण्यात आली. देशातील एकूण स्त्री मतदार तेव्हा आठ कोटींच्या आसपास होत्या.

या निर्णयाचा निवाडा करणे सोपे नाही. 'अमक्याची बायको' या नोंदीवर कोणीही येऊन मत देऊ शकते, ही प्रशासकीय शंका रास्त होती. स्वतःच्या नावाने मत देणे ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे, हा विचारही उदात्त होता. या वगळण्यावरून उठलेल्या गदारोळाचे सेन यांनी स्वागतच केले; त्यामुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रूढी सुटेल असा त्यांचा होरा होता. पण त्या २८ लाख स्त्रियांकडे पाहिले तर काय दिसते? त्यांच्यावर कोणी तोतयेगिरीचा आरोप केला नव्हता. त्या अस्तित्वात होत्या, प्रौढ होत्या, त्या त्या गावात राहत होत्या, आणि गाव त्यांना ओळखत होते. कमतरता त्यांच्या पात्रतेत नव्हती, नोंदीत होती. तिची किंमत मात्र त्यांनी एक निवडणूक गमावून मोजली. प्रजासत्ताकाची पहिलीच निवडणूक! शुद्ध यादी आणि पूर्ण यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीसाठी दुसरीचा बळी जातो तेव्हा तो बहुधा आवाज नसलेल्यांचा जातो, हा धडा असा पहिल्याच खेपेला मिळाला.

प्रत्यक्ष मतदानाची व्यवस्था मात्र सेन यांनी निरक्षर मतदाराला केंद्रस्थानी ठेवून आखली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचे आणि हातातली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का नाही, लिहिणे नाही. त्यासाठी पोलादाच्या सुमारे वीस लाख पेट्या लागल्या. त्यांतल्या लक्षावधी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या, तर मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात, नोटांसारखी काळजी घेऊन, छापल्या गेल्या. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातील चिनी तहसिलात, बर्फ पडून वाटा बंद होण्याच्या आत, पहिली मते पडली. फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशभरचे मतदान आटोपले आणि सुमारे ४५ टक्के मतदारांनी मत दिले.

ही पद्धत सोपी होती, आणि तिच्या सोपेपणातच तिचे छिद्र होते. कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येत असे. बाहेर ती विकत घेणारा उभा असे, आणि अशा गोळा केलेल्या पत्रिका एखादा विश्वासू मतदार आत जाऊन एकाच पेटीत टाकून येई. तेव्हा आयोगाने पद्धत बदलली. सर्व उमेदवारांची नावे आणि चिन्हे एकाच पत्रिकेवर, आणि हव्या त्या चिन्हावर शिक्का, अशी रीत १९६०च्या केरळमधील मध्यावधी निवडणुकीत वापरून पाहण्यात आली आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जवळजवळ देशभर आली. मतदाराला शिक्का मारायला शिकावे लागले, सुरुवातीला काही मते बाद झाली. पण कोणाला दारातून परत पाठवावे लागले नाही. सुरक्षितता वाढली, पण तिचा भार मुख्यतः यंत्रणेने उचलला.

आता शाईकडे वळू. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तोतयेगिरी रोखण्यासाठी बोटाला न पुसणारी शाई लावण्याची तरतूद झाली. राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती सिद्ध केली. पहिल्या निवडणुकीत तिच्या ३,८९,८१६ कुप्या लागल्या, आणि १९६२ पासून ती म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्यात तयार होते. रसायन साधे आहे. शाईतले सिल्व्हर नायट्रेट त्वचेवरच्या क्षाराशी संयोग पावते, उजेडात काळे पडते आणि त्वचा झडून नवी येईपर्यंत राहते.

शाईची खुबी रसायनाहूनही तिच्या तर्कात आहे. 'तू कोण आहेस' हे शाई विचारत नाही. 'तू आधी येऊन गेला आहेस का' एवढेच ती पाहते. त्यासाठी मतदाराला कोणताही कागद आणावा लागत नाही, वाचता यावे लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. बोट सर्वांपाशी असते आणि शाई गरीब-श्रीमंत दोघांना सारखीच लागते. एकाही खऱ्या मतदाराला न अडवता दुबार मतदानाला आळा घालणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नसेल.

परंतु दुसऱ्याच्या नावावर मत देणाऱ्याला पहिल्या खेपेला शाई अडवू शकत नाही. त्यासाठी १९६१च्या निवडणूक नियमांत एक तरतूद आहे, आणि मला ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर तरतूद वाटते. मतदान केंद्रात अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने पुकारतो. तेथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींपैकी एखाद्याला वाटले की हा माणूस तो नव्हे, तर तो आक्षेप घेऊ शकतो. मात्र त्यासाठी त्याने आधी दोन रुपये रोख अनामत ठेवायचे. मग केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करतो, आणि पुरावा द्यायचा तो प्रथम आक्षेप घेणाऱ्याने. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदाराला मत देऊ द्यायचे. आणि आक्षेप खोडसाळ असेल तर ते दोन रुपये जप्त. आणखीही एक सोय आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे असे खऱ्या मतदाराला आढळले, तर तो रिकाम्या हाताने परत जात नाही. त्याला प्रदत्त मत देता येते. ते वेगळ्या पाकिटात ठेवले जाते आणि वाद न्यायालयात गेला तर उपयोगी पडते.

दोन रुपयांची किंमत काळाच्या ओघात हास्यास्पद झाली, पण त्यामागचे तत्त्व हास्यास्पद नाही. शंका घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण शंका फुकट नाही, आणि ती खरी ठरेपर्यंत यादीत नाव असलेला माणूस खराच धरायचा.

या व्यवस्थेचा पाया गावकीच्या ओळखीवर होता. नाव पुकारले की बसलेल्या दहा जणांना 'हा तो नव्हे' हे कळावे, असे गृहीत होते. शहरे वाढली, चाळी आणि झोपडपट्ट्या वाढल्या, तशी ही ओळख विरत गेली. आणि खेड्यात जिथे ओळख होती तिथे वेगळाच रोग शिरला. १९५७ साली बिहारमध्ये बेगुसरायजवळच्या रचियाही येथे मतदान केंद्र बळकावले गेले, हा अशा प्रकाराचा पहिला दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो. पुढे ती अनेक ठिकाणी रीतच होऊन बसली. येथे तोतया नव्हताच. लाठ्या-बंदुका घेतलेली टोळी शिरे आणि यादीतल्या खऱ्या नावांवर स्वतःच शिक्के मारी. अशा वेळी ओळखपत्र काय करणार? आजार बंदोबस्ताचा होता. १९८९ साली केंद्र बळकावणे हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि त्याच दुरुस्तीने मतदान यंत्रालाही कायद्यात जागा दिली. यंत्र त्याआधी १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर वापरून पाहण्यात आले होते; परंतु कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले आणि तेथे फेरमतदान झाले. यंत्र मिनिटाला चार-पाचच मते नोंदवते, आणि केंद्राध्यक्षाने एक कळ दाबली की बंद होते. टोळीला तासाभरात हजार शिक्के मारणे अशक्य झाले. येथेही मतदाराकडून अधिक काही मागितले गेले नाही.

यंत्रावरचा संशय हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढेच म्हणतो, की संशय यंत्राबरोबर जन्मला नाही. १९७१ साली इंदिरा गांधींच्या पक्षाला मोठे बहुमत मिळाले तेव्हा मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केली होती, मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि गाय-वासरावरचा आपोआप उमटतो, असा आरोप बलराज मधोक यांनी केला. आपल्याकडे विजय बाईचा, गाईचा की शाईचा, अशी चेष्टाही तेव्हा चालली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आरोप अद्भुत म्हणून उडवून न लावता मतपत्रिका तपासू दिल्या. आरोप टिकला नाही. संशयाला हाच मार्ग योग्य असतो: पेटी उघडून दाखवणे. कागदी चिठ्ठी दाखवणारे जोडयंत्र २०१३ साली नागालँडच्या नोकसेन मतदारसंघात प्रथम आले आणि २०१९च्या लोकसभेला सर्वत्र वापरले गेले, त्यामागेही हाच विचार होता. सर्वच्या सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अमान्य केली. त्या निकालावर मतभेद असू शकतात. पण पडताळणी किती करावी एवढाच तो मतभेद आहे, आणि ती करण्याचे काम यंत्रणेचे आहे याबद्दल कोणाचे दुमत नाही.

खरा पेच ओळखपत्रापाशी येतो. टी. एन. शेषन यांनी १९९३ साली छायाचित्रासह ओळखपत्रांचा आदेश काढला आणि १९९५ पासून ओळखपत्रांशिवाय निवडणुका होणार नाहीत असे बजावले. शहरी मतदाराला ओळखणारे कोणी उरले नव्हते, बोगस मतदान राजरोस होत होते. शेषन यांचा संताप खोटा नव्हता. पण ओळखपत्रे काढायची होती सरकारने, आणि ती न निघाल्यास मत गमवायचे होते मतदाराने. न्यायालयाने हे मानले नाही. ओळखपत्र तयार नाही या कारणासाठी निवडणूक रोखता येणार नाही असा निर्णय दिला. पुढे ओळखपत्र नसेल तर इतर काही कागद चालतील अशी सोय झाली, आणि ओळखपत्र रुळले. आज त्याचा जाच वाटत नाही याचे श्रेय शेषन यांच्या निग्रहाला आहे, तसेच त्या सवलतीलाही आहे.

याच सुमारास मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमध्ये यादीत नाव असलेल्या लोकांना नोटिसा गेल्या: तुम्ही भारताचे नागरिक आहात हे सिद्ध करा. जन्मदाखला, पारपत्र, नागरिकत्वाचा दाखला असे कागद मागितले होते. शिधापत्रिकेसारखे झोपडीत सापडू शकणारे कागद पुरेसे मानले जात नव्हते. लाल बाबू हुसेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्णय दिला, की ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याची नोंद रीतसर चौकशीनंतर झाली असे गृहीत धरले पाहिजे. ते नाव काढायचे तर शंकेचे कारण सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि तो देईल तो पुरावा विचारात घ्यावा. म्हणजे दोन रुपयांचेच तत्त्व न्यायालयाने मोठ्या अक्षरांत लिहिले.

तीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जून २०२५ मध्ये आयोगाने बिहारच्या यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. त्याआधीचे सखोल पुनरीक्षण होऊन वीसएक वर्षे झाली होती. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावांनी याद्या फुगल्या आहेत हे आयोगाचे म्हणणे निराधार नव्हते. मृतांच्या नावांवर कोणी मत दिले तर जिवंतांच्या मताची किंमत कमी होते. पण २००३च्या यादीत ज्यांचे नाव नव्हते त्यांनी ठरावीक कागद द्यायचे होते, आणि सारे काही महिन्यांत आटपायचे होते. ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७.८९ कोटींवरून ७.२४ कोटी नावे उरली. कोण वगळले आणि का, हे प्रथम जाहीर झालेच नव्हते. त्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. पुढे ओळखीसाठी आधारपत्रही चालेल असे ठरले. सप्टेंबरअखेरच्या अंतिम यादीत ७.४२ कोटी नावे होती.

पुनरीक्षण करू नये असे मी म्हणत नाही. कचरा साठलेली यादी हीच लबाडीची पहिली भांडवलदार असते. पण १९४८ साली निर्वासिताचा शब्द प्रमाण मानणारे शासन आणि दाखल्यांची जंत्री पुढे ठेवणारे शासन यांत जो फरक पडला, तो विचार करायला लावणारा आहे. तेव्हा शासन गरीब होते, त्याच्याकडे संगणक नव्हते, मतदारांची छायाचित्रे नव्हती. आज शासनाचे सामर्थ्य शतपटीने वाढले आहे. मग सिद्ध करण्याचा भार शासनाकडून माणसाकडे का सरकावा? उलट दिशेने का सरकू नये? मृत्यूची नोंद शासनाच्याच दप्तरी असते; दुबार नावे शासनाचाच संगणक शोधू शकतो. नाव काढण्याआधी दारावर जाऊन विचारणे, काढल्यावर कारण चावडीवर लावणे आणि चुकून निघालेले नाव मतदानाआधी परत घालता येणे, एवढे झाले तर शुद्ध यादी आणि पूर्ण यादी यांचे वैर उरणार नाही.

१९५२ साली ज्या २८ लाख स्त्रियांची नावे गळली, त्यांपैकी अनेकींनी पुढच्या निवडणुकांत मते दिली असतील, काहींच्या आयुष्यात पुढची निवडणूक आलीही नसेल. त्यांच्या बोटाला पहिल्या निवडणुकीची शाई लागली नाही, हे मात्र कायम राहिले.